मस्कत ते नाशिकरोड: विमान पाऊण तास उशिरा, तरी १:४० ची गाडी मिळाली

लेकीचं बाळंतपण उरकून आम्ही दोघं गेल्या नोव्हेंबरात मस्कतहून परत आलो. विमान मुंबईत सकाळी साडेदहाला उतरणार होतं आणि त्याच दुपारची नाशिकरोडची वंदे भारत काढून ठेवली होती. जावई म्हणत होते, "आई, एक रात्र मुंबईत थांबा, नाहीतर मी गाडी ठरवून देतो." पण ह्यांना घाटातून टॅक्सीत बसायचं नाही, आणि मला दीड महिन्यानंतर एक रात्रही बाहेर काढायची नव्हती. तेव्हा रेल्वेच.

ही गाडी व्हीटीहून (सीएसएमटी म्हणायची सवय मला अजून झालेली नाही) १:१० ला सुटते. दादर १:१७, ठाणे १:४०, कल्याण २:०४ आणि नाशिकरोड ४:२८. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी वार बघा. वेळाही एकदा ताज्या तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. आपल्याकडची बहुतेक मंडळी सवयीने व्हीटी किंवा दादरहून तिकीट काढतात. विमानतळावरून येणाऱ्याने मात्र ठाण्याचा विचार करावा. सहार विमानतळावरून दक्षिणेला व्हीटीपर्यंत जायचं आणि तीच गाडी धरून परत उत्तरेला यायचं, यात तुमचा वेळ जातो. ठाण्याला गेलात तर गाडी तुमच्याकडे येते, तीही अर्ध्या तासाने उशिरा. तो अर्धा तास म्हणजे आपला सगळा फरक.

पण हे आधीच ठरवावं लागतं. बोर्डिंग ठाणे टाकलं की व्हीटी-दादरहून त्या सीटवर हक्क राहत नाही. उलट, बोर्डिंग व्हीटी ठेवून ठाण्याला चढलात तर तुम्ही आला नाहीत असं समजून टीसीने सीट दुसऱ्याला दिलेली असू शकते. "बघू तिथे गेल्यावर" इथे चालत नाही.

मेट्रोचं काय, असं माझ्या भावाने विचारलं. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिचं विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला स्टेशन आहे आणि ती थेट व्हीटीला नेते. चाळीसेक मिनिटं लागतात आणि ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. हातात वेळ असेल, म्हणजे बाराच्या आत तुम्ही बॅगांसकट विमानतळाबाहेर असाल, तर हाच मार्ग उत्तम. फक्त मेट्रोने दादरला उतरू नका. ते स्टेशन पश्चिमेला आहे. तिथून मध्य रेल्वेच्या फलाटापर्यंत दोन मोठ्या बॅगा फेरीवाल्यांमधून ओढत न्यायच्या म्हणजे नको तो व्यायाम. आणि पहाटेच्या विमानाने येणाऱ्यांनी मेट्रो धरूच नये. ६:२० ची शिर्डी वंदे भारत किंवा ६:१५ ची तपोवन गाठायची तर मेट्रो सुरू व्हायच्या आधीच निघावं लागतं.

आमचं विमान मस्कतलाच पाऊण तास लटकलं. चाकं टेकली तेव्हा सव्वाअकरा. विमानातून उतरून, ते न संपणारे सरकते पट्टे चालून इमिग्रेशनला पोचेपर्यंत ११:३५.

इथे जावयांचे उपकार. जाताना त्यांनी मला फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करायला लावली होती. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मंजूर झाला की बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. भारतीयांना पैसे पडत नाहीत. मी ई-गेटमधून पाच मिनिटांत पलीकडे. ह्यांनी मात्र "कशाला त्या भानगडी" म्हणून नोंदणी केली नव्हती. ते नेमके त्याच वेळी उतरलेल्या दुसऱ्या एका विमानाच्या माणसांमागे उभे. मी काचेपलीकडून बघतेय, ते माझ्याकडे बघत नाहीयेत. त्यांची वाट न बघता मी सरळ बॅगांच्या पट्ट्यावर गेले. हे बारा वाजून पाच मिनिटांनी आले तेव्हा बॅगाही तेवढ्यातच येत होत्या, त्यामुळे मला फार ऐकवता आलं नाही. दोघं असाल तर जो आधी सुटेल त्याने पट्टा गाठावा, ट्रॉली घेऊन.

कस्टमला हिरवी वाट, पाच मिनिटं. खजुराचे चार डबे आणि हलवा, त्यांना काय सांगणार!

पुढची चूक माझी. भारतातलं सिमकार्ड मी पर्समध्ये, पर्स बॅगेत आणि बॅग ट्रॉलीत सगळ्यात खाली ठेवली होती. विमानतळाच्या वायफायलाही मोबाइलवर ओटीपी लागतो. ॲपवाली टॅक्सी बोलवायचं राहू दिलं आणि प्रीपेडच्या खिडकीवर गेलो. पावती घेऊन गाडीत बसलो तेव्हा साडेबारा झाले होते. सिम विमानातच बदलून घ्या आणि थोडी रोख हाताशी ठेवा.

टॅक्सीवाल्याला बसल्या बसल्या सांगितलं: ठाणे स्टेशन, पण पूर्वेला, कोपरीकडून. तो म्हणाला, "पश्चिमेलाच सगळे उतरतात." उतरोत बापडे! पश्चिमेला स्टेशनसमोर रिक्षा-बस-माणसांचा जो काला असतो त्यात शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला पंधरा मिनिटं जातात. आपण जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने पवई, कांजूर करत पूर्व द्रुतगती महामार्गाला लागतो, मुलुंडचा नाका ओलांडला की कोपरी आलीच. नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही. पवईला तलावाजवळ दहा मिनिटं मुंगीच्या चालीने, बाकी रस्ता बरा. १:२२ ला कोपरीत उतरलो. ही दुपारची वेळ होती म्हणून पन्नास मिनिटांत झालं. संध्याकाळी याच रस्त्याला दुप्पट वेळ धरा आणि पावसाळ्यात तर हिशोबच करू नका.

फलाटाचा नंबर बोर्डवर बघून मगच पूल चढा, नाहीतर बॅगांसकट दोनदा चढउतर होते. गाडी ठाण्याला दोनच मिनिटं थांबते, दारं आपोआप बंद होतात. धावत येऊन दांडा पकडायची आपली जुनी सोय इथे नाही. आपला डबा समोर नसला तरी दिसेल त्या दारातून आत जा, डबे आतून जोडलेले आहेत. मोठ्या बॅगा वरच्या फळीवर चढवायला कसरत होते, २४ इंचापर्यंतच्या बऱ्या. आमची एक २८ ची होती, ती एका कॉलेजच्या मुलाने चढवून दिली.

गाडी चुकली असती तर? त्यासाठी संध्याकाळी ६:१५ च्या पंचवटीची सेकंड सीटिंगची दोन तिकिटं मी काढून ठेवली होती. स्वस्त असतात, वंदे भारतमध्ये बसल्यावर रद्द केली, थोडे पैसे कापले गेले. विमा समजा. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वे पैसे परत देत नाही. रेल्वेचीच एक गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली तर वेगळा नियम आहे. फक्त पंचवटीत पासवाल्यांच्या डब्यात चुकून बॅगा घेऊन शिरू नका. कसारा लोकल आणि पुढे शेअर टॅक्सी हा आपला हुकमी पर्यायही आहे, पण तो एका सॅकवाल्यासाठी. दोन परदेशी बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्याला डोंबिवलीकर काय बोलतील ते बोलतील.

कसाऱ्यानंतर ह्यांचा चेहरा खुलला. हा घाट ३७ ला १ चढाचा. बाकीच्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, वंदे भारत मात्र न थांबता वर जाते. पूर्वी त्या थांब्यांमध्ये खाली उतरून काहीतरी खायचं हा ह्यांचा चाळीस वर्षांचा नेम. इगतपुरी आली, गेली, दार काही उघडलं नाही. "पोचलो लवकर, पण वडा गेला," म्हणाले.

नाशिकरोडला साडेचार. गावात, सीबीएस किंवा निमाणीकडे जाणाऱ्यांना स्टेशनजवळून सिटीलिंकची बस मिळते, पण बॅगा असतील तर रिक्षाच करा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. आम्हाला जेलरोडलाच जायचं होतं. रिक्षावाल्याने बॅगेवरची विमानाची चिठ्ठी बघून भाडं सांगितलं. पुढच्या वेळी ती चिठ्ठी मी ठाण्यालाच फाडणार आहे.