बेरेझोव्काचा मॅमथ मागून बघा

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला गेलेला मराठी माणूस हर्मिटेजच्या कलासंग्रहालयातच दमतो आणि नदीपलीकडचं प्राणिशास्त्र संग्रहालय राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अदमिरल्तेयस्काया मेट्रोतून वर यायचं आणि पॅलेस ब्रिज ओलांडून डावीकडे वळायचं. मंगळवारी सहसा बंद असतं, तो दिवस टाळा. सुरुवातीलाच निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. तो परतताना बघा. उघडल्या-उघडल्या थेट मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या नामशेष केसाळ हत्तींच्या, दालनात जा, कारण शाळांच्या सहली आल्या की काचेपुढे फक्त डोकी आणि मोबाइल दिसतात.

गर्दी होते ती दीमा नावाच्या पिल्लापाशी आणि बेरेझोव्काच्या मोठ्या नराच्या तोंडासमोर. या नराला समोरून बघण्यात फारसं काही हाती लागत नाही, कारण चेहरा बराचसा नंतर घडवलेला आहे. बेरेझोव्का ही ईशान्य सायबेरियातल्या कोलिमा नदीची उपनदी. तिच्या काठची दरड ढासळून १९०० साली हा मॅमथ उघडा पडला. डोकं आधी बाहेर आलं आणि तिथलं मांस, सोंडेसकट, जंगली जनावरांनी खाल्लं. १९०१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओटो हेर्झ यांची मोहीम तिथे पोचली तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता आणि माती दगडासारखी गोठली होती. त्यांनी मॅमथवरच लाकडी खोपटं उभारून आत शेकोटी पेटवली. यात मोठी अडचण होती. उष्णता कमी पडली तर कातडी मातीतून सुटत नाही, जास्त झाली तर मांस सडायला लागतं. म्हणून थोडा भाग वितळवायचा, कापून काढायचा आणि बाहेरच्या थंडीत पुन्हा गोठवायचा, असं काम चाललं. मग घसरगाड्यांवर लादून इर्कुत्स्क आणि पुढे रेल्वेने पीटर्सबर्ग. काचेआड दिसते ती पेंढा भरल्यासारखी बसवलेली कातडी. सांगाडा वेगळा उभा केला आहे.

ढुंगणावर बसल्यासारखी ती स्थिती मुद्दाम जशी सापडली तशीच ठेवली आहे. कटीचं हाड आणि पुढच्या एका पायाचं हाड मोडलेलं होतं, छातीत रक्त साकळलेलं होतं. म्हणजे तो खोल जागी पडला आणि वर चढता न येता मेला. दाढांमध्ये न गिळलेला चारा तसाच होता, त्यामुळे मरण लवकर आलं असावं. पोटात गवतं, लव्हाळे आणि पिकलेलं बी निघालं, त्यावरून उन्हाळ्याच्या शेवटाचा काळ ठरवता आला. सांगाड्याच्या भरवशावर बसलं असतं तर चाऱ्याबद्दल फक्त दाढांवरून अंदाज बांधावा लागला असता. अर्थात दाढाही पुष्कळ सांगतात: शेवटच्या दाढेत कठीण कवचाची वीस-पंचवीस पातळ पानं एकाला एक चिकटून असतात, आफ्रिकी हत्तीच्या दाढेत जेमतेम निम्मी. चरचरीत गवत आयुष्यभर दळायचं तर एवढी पानं लागतातच.

आता पेटीला वळसा घाला आणि मागच्या बाजूला या. इथे सहसा कोणी नसतं, आणि माझ्या मते दालनातली सगळ्यात मोलाची जागा हीच. शेपूट बघा, किती आखूड आहे. आपल्या हत्तीची शेपटी घोट्याकडे लोंबते, ही एवढीशीच. तिच्या मुळाशी कातडीची रुंद घडी आहे. ती गुदद्वारावर झाकणासारखी पडते आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हाडांवरून अशी घडी कुणाला सुचलीच नसती. कानांचंही तेच. पूर्ण वाढलेल्या मॅमथचा कान जेमतेम ३८ सें.मी. भरला आहे, आफ्रिकी हत्तीचा दीड मीटरच्या पुढे जातो. आफ्रिकी हत्ती कानावाटे अंगातली उष्णता घालवतो. मॅमथला ती राखायची होती, आणि लांब शेपूट किंवा मोठा कान हिमदंशाने गेलाच असता. या नराच्या कातडीखाली सुमारे नऊ सें.मी. चरबी होती. वर आखूड दाट लोकर आणि तिच्यावर लांब राठ केस, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर. केसांचा तांबूस रंग बघून मॅमथ लालच होते असं समजू नका, हजारो वर्षं मातीत राहून रंगद्रव्य उतरतं. जिवंतपणी बरेच मॅमथ गडद तपकिरी असावेत.

रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण तेही तपासून झालं आहे. शास्त्रज्ञ केव्हिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीच्या सायबेरियन मॅमथच्या डीएनएवरून हिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाची, जनुकं शोधली, ती जिवाणूंत घालून ते हिमोग्लोबिन तयार करून घेतलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. हत्तीचं हिमोग्लोबिन थंडीत ऑक्सिजन सोडायला कुचराई करतं. मॅमथमध्ये काही मोजक्या बदलांनी ही अडचण कमी झाली होती, त्यामुळे पाय थंड पडले तरी तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत राही.

गर्दी ओसरली की दीमाकडे या. १९७७ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान भागात सोन्याच्या खाणीवर बुलडोझरखाली सापडलेलं हे वर्षाच्या आतलं पिल्लू. केस जवळपास सगळे गळलेत, पायांजवळ थोडे उरलेत, ते वाकून बघा. त्याच्याशी ताडून बघायला हवी ती ल्यूबा, २००७ मध्ये वायव्य सायबेरियातल्या यामालला सापडलेली महिन्याभराची मादी, पण तिचं घर तिथल्याच सालेखार्दच्या संग्रहालयात. तिच्या पोटात आईचं दूध होतं आणि आतड्यांत मोठ्या मॅमथची विष्ठा. हत्तीची पिल्लं आजही ती खातात, चारा पचवणारे जिवाणू पोटात यावेत म्हणून. सोंडेत आणि श्वासनलिकेत गाळ भरला होता, म्हणजे ती चिखलात गुदमरली. मानेमागे तपकिरी चरबीचं छोटं वशिंड होतं, पिल्लाला ऊब देणारं. ते दीमाच्या अंगावर शोधू नका. तो मेला तेव्हा इतका खंगला होता की अंगावर चरबी जवळजवळ उरली नव्हती.