एका स्लाईडवर पार्वो, दुसरीवर विनक्रिस्टिन

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यातली दोन कुत्री एकाच रिक्षातून दवाखान्यात आली. एक तीन महिन्यांचं लॅब्राडोर पिल्लू, वजन सहा किलो. आदल्या संध्याकाळपासून उलट्या, सकाळी रक्ताचे जुलाब. दुसरी राखणीची गावठी कुत्री. तिला टीव्हीटीची, म्हणजे कुत्र्यांत समागमातून पसरणाऱ्या कर्करोगाची गाठ, आठवड्यापूर्वी विनक्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध दिलेलं, आज पुढच्या डोसची तारीख. पिल्लाची पार्वो विषाणूची रॅपिड किट पॉझिटिव्ह. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी पिल्लाच्या 1,100 आणि कुत्रीच्या 2,800. कुत्र्यात त्या साधारण 6,000 ते 17,000 असतात. दोन्ही स्लाईडवर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शोधावे लागत होते.

"डॉक्टर, हिलाबी पार्वोच लागला काय?" मालकांनी विचारलं. शंका रास्त होती, पण कुत्री खातपीत होती, ताप नव्हता, लस झालेली होती आणि किट निगेटिव्ह. विनक्रिस्टिननंतर आठवड्याभरात पेशी बऱ्याचदा खाली येतात. कारणं वेगळी, मार खाणाऱ्या पेशी त्याच.

पार्वो जेमतेम 25 नॅनोमीटरचा. त्याच्याकडे साधारण 5,000 अक्षरांचा एकपदरी डीएनए असतो, पण त्याची प्रत काढायची यंत्रणा नसते. पेशी विभाजनाआधी स्वतःच्या डीएनएची प्रत काढते, त्या एस टप्प्यातच त्याचं काम होतं. काही विषाणू पेशीला ढोसून त्या टप्प्यात नेतात, याला ते जमत नाही. मालकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: बंद मागावर याला काही करता येत नाही, चालू मागावर हा आपलं कापड विणून घेतो आणि जाताना माग मोडतो. विनक्रिस्टिन पुढच्या टप्प्यात, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाताना, पेशीला अडवतं.

म्हणून पार्वोचा घाव सतत विभागणाऱ्या पेशींवर बसतो: आतड्याच्या क्रिप्टवर, म्हणजे अस्तराच्या नव्या पेशी जिथे तयार होतात त्या खळग्यांवर, आणि रक्तपेशी बनवणाऱ्या बोन मॅरोवर. प्रौढ हृदयाच्या पेशी विभागत नाहीत, म्हणून त्या वाचतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत त्या विभागत असतात, तेव्हा लागण झाली तर हृदयच जातं. आतड्याचं अस्तर गेलं की आतले जंतू रक्तात उतरतात आणि त्यांना अडवायला न्यूट्रोफिल नसतात. आजार विषाणूचा असूनही अँटिबायोटिक द्यावं लागतं ते यासाठी.

पिल्लू शॉकमध्ये नव्हतं. अंगातलं पाणी वजनाच्या 8 टक्के कमी धरलं, म्हणजे 480 मिली तूट. रोजची गरज किलोमागे 60 मिली, म्हणजे 360. तूट आठ तासांत भरायची ठरवली, तर ताशी 60 अधिक 15, एकूण 75 मिली. मायक्रोड्रिप सेटमध्ये मिलीला 60 थेंब पडतात, त्यामुळे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. उलटी-जुलाबात जाईल ते वर मोजून द्यायचं. लघवी झालेली पाहिल्यावर 500 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्ये 10 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) पोटॅशियम क्लोराईड. बाटली पाच-सहा वेळा उलटीसुलटी केलीच पाहिजे. नाहीतर पोटॅशियम तळाशी बसून आधी तेच शिरेत जातं आणि हृदय थांबू शकतं. उलटी थांबवायला ऑन्डॅनसेट्रॉन 3 मिग्रॅ, म्हणजे दीड मिली. अँटिबायोटिक म्हणून अँपिसिलिन किलोमागे 20 मिग्रॅ, दर आठ तासांनी. उलटी थांबेना तर पोट पुन्हा चाचपायचं, कारण अशा पिल्लांत आतडं आतड्यात शिरतं. उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. नाकातून नळी टाकून थोडं थोडं पातळ अन्न लवकर सुरू केलं तर अस्तर लवकर भरतं.

कुत्रीचं इंजेक्शन पुढे ढकललं. 4,000 च्या खाली आम्ही विनक्रिस्टिन देत नाही. चार दिवसांनी पेशी पुन्हा मोजायच्या आणि डोस कमी करायचा. सुई शिरेतच आहे ना, हे सलाईन सोडून आधी पाहायचं, कारण औषध बाहेर सांडलं तर पायाचं मांस सडतं.

मालकांचा मुलगा बीएस्सीला. त्याने विचारलं, "मग हा विषाणू गाठीवरच सोडला तर?" प्रश्न नेमका होता. उंदरांचा एच-1 पार्वोव्हायरस 1960 मध्ये मानवी गाठीच्या नमुन्यांतूनच हेलेन टूलन यांना सापडला. तो निरोगी मानवी पेशीत शिरतो, पण तिथे त्याची वाढ सहसा अर्धवट राहते. कर्कपेशीत एस टप्पा वारंवार येतो आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे पेशी विषाणूविरुद्ध सोडते त्या प्रथिनांचा, प्रतिकार बऱ्याचदा लुळा असतो, त्यामुळे विषाणूचं एनएस-1 हे मारक प्रथिन साठून पेशी मरते. जर्मनीत हायडलबर्गला ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या 18 रुग्णांवर तो वापरला गेला. सुरक्षित ठरला, पण कर्करोग बरा करणारं औषध म्हणावं असं त्यातून निघालं नाही. कुत्र्याच्या पार्वोचं मात्र वेगळं. कुत्र्यात त्याला निरोगी आतडंही तितकंच चालतं, म्हणून आजारी पिल्लाची विष्ठा गाठीच्या कुत्र्याजवळ न्यायचा विचारही कुणी करू नये.

जाताना दोघांना वेगळ्या रिक्षांतून न्यायला सांगितलं. कारखान्याचं अंगण फिनाईलने धुऊन उपयोग नाही, या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरणच नाही. आधी घाण खरवडून काढा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्या. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा पाण्याच्या दिवशीच एक बॅरल यासाठी बाजूला भरून ठेवा.