चिरेबंदी घरातलं नेटवर्क : तारा ओढून झाल्या, आता राउटर

मागच्या नोंदीपर्यंत वळचणीखालून पाइप टाकून झाले होते आणि केबल अजून गुंडाळीतच होती. आता तीन ठिकाणी तार पोचली आहे: माजघर, माडी आणि मागच्या आवारातला मांगर. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घर जांभ्याचं, जुन्या भागातल्या भिंती दीड फुटी, आणि फायबरचा डबा पुढच्या पडवीत, कारण खांबावरून येणारी केबल तिथेच उतरते.

"मेश का घेत नाही?" हा प्रश्न अजून येतोच. मेश म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय पुढे पोचवणारे डबे. ते एकमेकांशी वायरलेसने बोलणार असतील तर त्यांनाही त्याच दीड फुटी भिंतीतून बोलावं लागतं. जांभा सच्छिद्र, जूनमध्ये पाणी प्यायला की ऑक्टोबरपर्यंत ओला. मे महिन्यात कसंबसं पलीकडे जाणारं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय श्रावणात भिंतीतच मुरतं. त्यामुळे माझं ठरलेलं आहे: खोलीपर्यंत तार, आणि वायफाय फक्त खोलीच्या आत.

तारेबद्दल एकच आग्रह. कॅट-६ घ्या, पण आत सबंध तांबं आहे ना ते बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरं दिसलं की दुकानदाराला परत द्यायची. ती क्रिंप करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, तुटते, आणि कोकणच्या दमट हवेत तिचे सांधे खराब व्हायला वेळ लागत नाही.

माजघरची ओळ पहिल्या फटक्यात गिगाबिटवर आली. माडीची मात्र १०० मेगाबिटवर अडली. ही तार माडी बांधताना भिंतीत टाकलेली जुनी होती. भिंतीतल्या सॉकेटची पाटी उघडली तर आठपैकी चारच तारा इथरनेटला जोडलेल्या, निळी जोडी लँडलाइन फोनला दिलेली आणि तपकिरी जोडी नुसतीच मागे वळवून ठेवलेली. त्या काळी हे अगदी रीतसर होतं, कारण १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना लागतात. गिगाबिटला आठही हव्यात. लँडलाइन कधीच गेली आहे, तेव्हा दोन्ही टोकं कापून नव्याने भरली: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. स्पीड टेस्टचा आकडा ९४ च्या आसपास येऊन खिळून राहत असेल तर राउटरला हात लावण्याआधी कुठल्या पोर्टवर किती वेगाची लिंक बसली आहे ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तारेतच असतं.

मांगराला तांब्याची तार टाकलीच नाही. आंब्याच्या हंगामात पेट्या तिथे भरतात, हिशेबाचा लॅपटॉप तिथे, कॅमेराही तिथे. अंतर इथरनेटच्या १०० मीटरच्या मर्यादेत आरामात बसतं. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आहे. मृगाच्या आधीच्या विजा जवळपास पडल्या की दोन अर्थिंगमध्ये जो फरक तयार होतो तो तारेतून वाट काढतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन जातो. म्हणून एकेरी सिंगल-मोड फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला तारेत बदलणारे डबे). कन्व्हर्टर जोडीनेच घ्यायचे: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलट. दोन सारखे आणलेत तर दिवा लागणार नाही. ड्रॉप केबल घेताना पोलादी तारेची टाळा, नाहीतर फायबर टाकून मिळवलेलं सगळं त्या पोलादातून परत जातं. फायबरच्याच दोऱ्याचं बळ दिलेली, धातू नसलेली केबल मिळते.

आता राउटर. पडवीत टीपी-लिंकचा आर्चर सी६, तिसरी आवृत्ती, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० हे खुलं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर). याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत चिपच वेगळी आहे, त्यामुळे फर्मवेअर उतरवण्याआधी डब्याखालचं लेबल वाचा. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता सिग्नल पुढे देण्यावर, टाकून पीपीपीओई (कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन होणारं लॉगिन) राउटरवर घेतलं. केबलवाल्याचा मुलगा म्हणाला, "काका, ब्रिज करून देतो, पण मग या डब्याचं वायफाय बंद हां." म्हटलं, तेच तर हवंय. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२, कारण पीपीपीओई आठ बाइट खातं. घरची पत्त्यांची रांग १९२.१६८.१० ची ठेवली, म्हणजे फायबरच्या डब्याच्या स्वतःच्या १९२.१६८.१.१ शी भांडण नाही.

माजघर, माडी आणि मांगरात जुने राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारे डबे) म्हणून लावले. त्यांच्यावरचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद, फायरवॉल बंद, प्रत्येकाला कायमचा पत्ता, आणि बाहेरच्या इंटरनेटसाठीचं वॅन पोर्टही ब्रिजमध्ये, म्हणजे बाकीच्या पोर्टांच्या गटात, ओढून घेतलं, म्हणजे एक जादा भोक मिळतं.

या महिन्यातलं खरं काम व्हीलॅनचं, म्हणजे त्याच तारांवर वेगवेगळी नेटवर्कं चालवण्याचं. उन्हाळ्यात वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्यांचे फोन आणि मांगरातला कॅमेरा घरच्या नेटवर्कवर नकोत. व्हीलॅन १० घराला, २० पाहुण्यांना, ३० कॅमेरा आणि तत्सम वस्तूंना. ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ पासून या चिपवर जुनं स्विचचं पान गेलं. आता ब्रिजच्याच आत व्हीलॅन फिल्टरिंगचा तक्ता भरायचा: ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टवर तिन्ही टॅगसकट (फ्रेमवर व्हीलॅनचा क्रमांक लिहून), टीव्हीच्या पोर्टवर फक्त १०, टॅगशिवाय. मीडिया कन्व्हर्टरने टॅग असलेल्या फ्रेम निमूटपणे पुढे पाठवल्या. हे करताना एक पोर्ट ब्रिजबाहेर काढून स्वतःसाठी राखून ठेवा. लुसी (ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं वेबपान) ९० सेकंदांत संपर्क झाला नाही तर बदल आपोआप मागे घेतं खरं, पण त्या ९० सेकंदांत घरातून तीन हाका येतात.

वायफाय ओपनडब्ल्यूआरटीत सुरुवातीला बंदच असतं. ते चालू करण्याआधी देश भारत निवडा. २०१८ साली आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना झाला, पण राउटरला देश सांगितल्याशिवाय त्यातलं नेमकं काय वापरायचं ते कळत नाही. ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे दोन तुकडे मी वापरतो, चॅनल ३६ पासूनचा आणि १४९ पासूनचा. मधले ५२ ते १४४ रडारसाठी कान देऊन मगच सुरू होतात, निदान मिनिटभर शांतता. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात ते मिनिट खटकतं. पडवी आणि माडी दोन्ही ३६ वर आहेत. मध्ये भिंती आहेत, त्यामुळे एकमेकांना त्रास नाही. जांभा पहिल्यांदाच माझ्या बाजूने उभा राहिला.

२.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि चॅनल १, ६, ११ एवढंच. पडवीचं २.४ मी २० डीबीएमवरून १३ वर आणलं, म्हणजे ताकद पाचव्या हिश्शावर. कारण कुठला ॲक्सेस पॉइंट धरायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. पडवीचा आवाज मोठा असेल तर माडीवर गेलेला फोनही त्यालाच चिकटून बसतो. घरच्या वायफायच्या नावावर डब्ल्यूपीए२ आणि ३ (पासवर्डची सुरक्षा) मिश्र, सोबत ८०२.११आर (फोनला एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जाऊ देणारं). सोलर इन्व्हर्टरचा डोंगल आणि स्मार्ट प्लग यांना हे पचत नाही. त्यांच्यासाठी २.४ वर साधं डब्ल्यूपीए२ चं वेगळं नाव, व्हीलॅन ३०.

शेवटी एसक्यूएम, म्हणजे लाइन तुंबू न देणारी पॅकेटच्या रांगेची व्यवस्था. कनेक्शन १०० मेगाबिटचं, एसक्यूएममधली केक ही पद्धत दोन्ही दिशांना ९० वर. आधी एखादा फोन फोटो चढवू लागला की पिंग (प्रतिसादाचा वेळ) दोनशे-अडीचशे मिलिसेकंदांवर जायचं आणि पुतणीचा ऑफिस कॉल तुटायचा. आता तिशीच्या आत राहतं. मात्र हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरला टाळून पुढे ढकलणं) बंद ठेवावं लागतं, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून जातात. १०० मेगाबिटला हा प्रोसेसर पुरतो. पुढेमागे ५०० चा प्लॅन घेतला तर दोन्हींपैकी एक निवडावं लागेल, आणि मी केकच ठेवीन.

राहिलेलं: पाहुण्यांच्या नेटवर्कवर वेगाची मर्यादा, आणि खळ्यात एक बाहेरचा ॲक्सेस पॉइंट. मांगरातल्या कन्व्हर्टरच्या पेटीत मुंग्या शिरतायत. हवा खेळती ठेवून त्यांना रोखायचा उपाय कोणी केला असेल तर सांगा. मी सध्या बारीक जाळी आणि सिलिकॉनवर भागवतोय.