डिस्चार्जनंतर दादाच्या गोळ्या

दादाला हार्ट अटॅक आला तेव्हा त्याचा विमा नव्हता. साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान, त्यात हप्ता भरायचा कुठून? महात्मा जोतिबा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण छातीत कळ आली तेव्हा जवळ होतं तिथे नेलं आणि ते हॉस्पिटल योजनेच्या यादीत नव्हतं. स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीच्या, किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, तेवढाच आधार. बाकीचं वहिनीच्या पाटल्यांवर निभावलं.

घरी सोडताना हातात कार्ड दिलं, त्यावर सगळी ब्रँडची नावं. मेडिकलवाल्याने महिन्याचा आकडा सांगितला तशी वहिनी म्हणाली, "दहा दिवसांच्याच द्या." विमा नसलेल्या घरात औषधं अशीच सुटतात. आधी दहा दिवसांची, मग एक दिवसाआड आणि शेवटी सगळ्यात महागडी गोळी बंद. आमच्याकडे सगळ्यात महाग होती टिकाग्रेलॉर, म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेलीच.

शेजाऱ्यांनी जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, सुचवलं. तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी कार्ड वाचलं आणि विचारलं, "ह्यांना आधीपासून काय चालू होतं? घरातलं सगळं घेऊन या."

मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. शुगरची गोळी, बीपीची, गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक आणि एक जुनी कॅप्सूल. ताईंनी तिचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली: ॲस्पिरिन 75, ॲटॉरव्हास्टॅटिन 10 (कोलेस्टेरॉलचं औषध). नव्या कार्डावर हीच दोन औषधं वेगवेगळ्या ब्रँडनावांनी होतीच. म्हणजे दादा दोन्हीकडची घेत होता, दिवसाला 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन. "टिकाग्रेलॉरबरोबर ॲस्पिरिन 100 च्या वर गेलं की टिकाग्रेलॉरचा उपयोग कमी होतो," त्या म्हणाल्या. वर डायक्लोफिनॅक, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. हॉस्पिटलमधून निघताना कुणीही ह्या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मला अजून राग येतो तो ह्याचाच.

त्यांनी स्वतः काहीच बदललं नाही. चिठ्ठीवरचा ब्रँड दुकानदाराने आपल्या मनाने बदलायचा नाही, असा 1945 च्या औषध नियमांतच दंडक आहे. त्यांनी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: जुनी कॅप्सूल दुहेरी होतेय, डायक्लोफिनॅक चालू आहे, औषधं जेनेरिक, म्हणजे मूळ नावाने लिहून मिळतील का. तो कागद मी ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, कॅप्सूल आणि डायक्लोफिनॅक काट मारून बंद केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिलं आणि सगळी चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांनी नव्याने लिहिली. खर्चाचं सांगितल्यावर टिकाग्रेलॉरऐवजी त्याच कामाची क्लोपिडोग्रेल चालेल का, ह्याचाही विचार केला, पण अटॅक नुकताच येऊन गेलाय म्हणून तीच ठेवली. कागद नसता तर मला हे सगळं धड सांगताही आलं नसतं.

नव्या चिठ्ठीवरच्या बहुतेक गोळ्या केंद्रात मिळाल्या आणि बिल निम्म्याच्याही खाली आलं. टिकाग्रेलॉर त्या दिवशी संपली होती. ताईंनी दुसऱ्या केंद्रात फोन करून आमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितली. मग दादाला समोर बसवून प्रत्येक पाकिटावर मार्करने 'सकाळ', 'रात्र' लिहिलं आणि बजावलं, "पैसे कमी पडले तर मला सांगा, पण टिकाग्रेलॉर, ही रक्त पातळ करायची गोळी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. वर्षभर तरी धरून चाला."

ह्या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत, मिळतात ते फक्त विकलेल्या गोळ्यांचे. तरी महिना संपत आला की त्यांचा फोन येतो, "टिकाग्रेलॉर किती उरल्यात?" वहिनी पाकीट हातात घेऊनच उत्तर देते.