तुम्ही विचारलंत म्हणून: घरी शाळेपेक्षा चांगलं शिकवता का?

लेक शाळेत जात नाही, घरीच शिकते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “म्हणजे घरी शाळेपेक्षा चांगलं शिकवता का हो तुम्ही?” कोणी कुतूहलानं विचारतं, कोणी जरा तिरकस, आणि हल्ली मेसेज करून विचारणारे पण वाढलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

चांगलं शिकवते का? नाही. वर्षानुवर्षं वर्गात गणित शिकवलेल्या बाईंपुढे माझं शिकवणं म्हणजे आनंदीआनंदच आहे. पण माझ्याकडे वेळ आहे, जो त्या बाईंकडे नाही, आणि होमस्कूलिंगचा बहुतेक सगळा फायदा फिरून फिरून या वेळेतूनच येतो असं माझं मत झालंय.

अपूर्णांकांचं सांगते. लेकीनं १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिलं, म्हणजे अंशात अंश मिळवला, छेदात छेद, झालं काम. मी सांगितलं छेद समान करून घे, लसावि काढ, तिनं काढला, उत्तर ५/६ आलं, बरोबर आलं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन गणितात परत तेच, वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. आता वर्गात काय झालं असतं, फुली पडली असती आणि दशांश अपूर्णांक सुरू झाले असते, कारण चाळीस पोरांना घेऊन पोर्शन संपवायचा असतो, त्यात बाईंचा दोष नाही. आमच्याकडे पोर्शन थांबला. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या, एकीचे दोन भाग, एकीचे तीन, एकीचे पाच, आणि नुसतं ठेवून दिलं समोर. बराच वेळ तिनं त्यांचं घर वगैरे बांधलं, मग कधीतरी पाचवाली पट्टी अर्ध्या पट्टीखाली लावली आणि म्हणाली, “आई, २/५ तर अर्ध्यापेक्षा लहान आहे! अर्ध्यात अजून मिळवलं तर कमी कसं होईल?” बस्स. त्यानंतर लसावि का काढायचा हे मला सांगावं लागलं नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पण ऐका. माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे, तिला हे कौतुकानं सांगितलं तर ती हसायलाच लागली, म्हणे दर वर्षी अर्धा वर्ग हेच करतो, पट्ट्या मी पहिल्याच दिवशी काढते. ली शुलमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकताना मुलं नेमकी कुठे अडखळतात ते ठाऊक असणं वेगळं, आणि दुसरं ज्ञान हे शिक्षकाचं खास ज्ञान. ते आईबापांकडे आपोआप येत नाही. आपण एकाच मुलाला शिकवतो, त्यामुळे प्रत्येक चूक आपल्याला पहिल्यांदाच दिसत असते.

मग एकास एक शिकवण्याचा फायदा खरंच किती? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख यावर सारखा पुढे केला जातो. त्यात ट्यूटरकडे एकेकटं शिकलेलं सरासरी मूल, तीसेक जणांच्या नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं होतं. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला तरी एवढा मोठा दिसला नाही, कर्ट व्हॅनलेन या संशोधकांनी २०११ मध्ये बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तर तो निम्म्याहूनही कमी निघाला. शिवाय ब्लूमचे ट्यूटर चांगले तयार केलेले होते, भाजी फोडणीला टाकता टाकता पाढे विचारणारे नव्हते. (हो, मी विचारते.)

आणि “होमस्कूलवाल्या मुलांना परीक्षेत जास्त मार्क पडतात” हे जे फॉरवर्ड फिरतात ना, त्यांच्यावर माझा तरी फारसा भरवसा नाही. घरी शिकवायचं ठरवणारे बहुतेक आईबाप आधीच शिक्षणाबद्दल जागरूक असतात, त्यांच्यापैकी एकाला घरी थांबणं परवडत असतं, आणि अशा अभ्यासांत बऱ्याचदा जे आपणहून मार्क कळवतात तेच मोजले जातात. ही मुलं शाळेत गेली असती तरी बरे मार्क पडलेच असते कदाचित. सरकारी शाळेचं उलट आहे, तिला कुणाला निवडायचं नसतं. ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याचे आईबाप दिवसभर कामावर, ज्याची घरची भाषा वेगळी, तो पण तिचाच विद्यार्थी. या दोघांचे मार्क शेजारी ठेवून कोण भारी ते ठरवायचं म्हणजे मला अन्याय वाटतो.

कायद्याचं पण विचारतात बरेच जण. देशागणिक वेगळं आहे. इंग्लंडात १९९६ च्या कायद्यात मुलाला शिक्षण देणं ही पालकांची जबाबदारी आहे, मग ते शाळेत द्या नाहीतर दुसऱ्या मार्गानं. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं, तिथले एक आईबाप युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये त्यांची तक्रार फेटाळली गेली. अमेरिकेत सगळ्या राज्यांत चालतं, पण काही ठिकाणी कळवावंही लागत नाही तर काही ठिकाणी दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. फ्रान्सनं २०२१ च्या कायद्यानं उलटा रस्ता धरला, आधी नुसतं कळवून भागायचं, आता परवानगी लागते.

जर्मनीचा नियम मला आवडत नाही, पण त्यामागचा विचार मी उडवून पण लावत नाही. शाळेत मुलाला आईबाप सोडून दुसरं कुणीतरी रोज बघतं. याला फळ्यावरचं दिसत नाहीये, हिला अक्षरं उलटी दिसतात, हा आज अंगावर वळ घेऊन आलाय, हे खूपदा आधी बाईंच्या लक्षात येतं. घर चांगलं असेल तर प्रश्न नाही, पण कुठलं घर चांगलं हे बाहेरून कसं कळणार? म्हणून माझ्या मते दर वर्षी कुणीतरी बाहेरच्यानं मुलाला भेटून जावं, आमच्याकडे पण यावं, माझी काही हरकत नाही.

मित्रमैत्रिणींचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात कमी सतावतो. मिळतात. मैदानावर मिळतात, क्लासला मिळतात, आणि त्यात मोठी-लहान सगळी असतात. फक्त ते आपोआप होत नाही, घेऊन जावं लागतं, थांबावं लागतं, परत आणावं लागतं, आणि हे काम कुणीतरी करतं.

ते कुणीतरी बहुतेक वेळा आई असते. होमस्कूलिंग स्वस्त पडतं म्हणणारे माझ्या सुटलेल्या नोकरीचा हिशेब कुठे धरतात मला माहीत नाही. मला सुटल्याचा पश्चात्ताप नाही, पण “तुमचं बरंय” म्हटलं की डोकं फिरतं.

तर करायचं मनात असेल तर आधी घरात बसून ठरवा की दिवसभर मुलासोबत कोण असणार आणि ते माणूस आजारी पडलं किंवा कंटाळलं तर कोण. मग परत शाळेत घालायची वेळ आली तर कुठल्या इयत्तेत, कुठल्या परीक्षेवर घेतात हे शाळा सोडायच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही. आमची आता प्रयोगशाळा हवी म्हणतेय, परीक्षानळ्या, बर्नर, सगळं खरंखुरं, आणि ते काही आमच्या ओट्यावर जमणारं नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी एका सरकारी शाळेत चौकशी करून आलोय.