सामोसचे हत्ती

ग्रीसमधल्या सामोसला लोक येतात ते पायथागोरसचं बेट म्हणून, नाहीतर समुद्रासाठी. मी आलो होतो हाडं बघायला. समोर तुर्कस्तानातला मिकाले डोंगर अगदी जवळ दिसतो. मधली सामुद्रधुनी अरुंद जागी दोन किलोमीटरचीही नाही.

ग्रीक पुराणकथेत अॅमेझॉन योद्ध्या समोरच्या किनाऱ्यावरच्या एफिसस शहरातून पळून या बेटावर आल्या. पाठोपाठ डायोनिसस देव आला आणि त्याने इथे त्यांची कत्तल केली. त्या रणभूमीला 'पानाइमा', म्हणजे रक्ताने भिजलेलं रान, म्हणत. देवाचे काही हत्तीही इथेच मेले आणि त्यांची हाडं दाखवली जातात, असं प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने नोंदवलंय. देवाकडे हत्ती कुठून आले? तर तो भारत जिंकून आला होता! म्हणजे हत्ती आपलेच.

दुसऱ्या कथेत हत्ती नाहीत. माणसं येण्याआधी बेटावर 'नेआडेस' नावाचे अजस्र प्राणी राहत, त्यांच्या ओरडण्याने जमीन दुभंगायची. युफोरियन या प्राचीन ग्रीक कवीच्या काळीही त्यांची हाडं लोकांना दाखवत असत. ही मला थाप वाटत नाही. सामोस भूकंपाच्या पट्ट्यात आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इथे 7 तीव्रतेचा धक्का बसला. फाटलेली जमीन आणि त्याच मातीतून वर येणारी राक्षसी हाडं, दोन्हींचा उलगडा त्या जुन्या लोकांनी एका दमात केला.

तशी हाडं आज बेटावरच्या मितिलिनी गावच्या संग्रहालयात आहेत. साधारण 70 ते 80 लाख वर्षांपूर्वीचे तीन खुरांचे घोडे, गेंडे, तरस आणि जिराफाचा नातलग सामोथेरियम, ज्याचं नावच या बेटावरून पडलंय. त्याची मान जिराफापेक्षा आखूड, पण जिराफाच्याच कुळातल्या ओकापीपेक्षा लांब. आणि मॅस्टोडॉन, हत्तीच्याच गोतावळ्यातला! तिथे मी बराच वेळ रेंगाळलो. अलेक्झांडरच्या स्वारीत ग्रीक सैन्याची गाठ झेलमकाठी पोरसाच्या हत्तींशी पडली. मला वाटतं, हत्तींची कथा त्यानंतरचीच असणार. खरा हत्ती बघितल्यावर कुणीतरी जुन्या हाडांकडे पुन्हा पाहिलं आणि राक्षसांच्या जागी हत्ती आणले. देव-युद्धाचा मसाला बाजूला ठेवला, तर त्याचं हे निदान बरंच अचूक आहे.

हेरायॉन, म्हणजे हेरा देवीचं मंदिर, किनाऱ्यावर आहे. एकच खांब उभा, बाकी पाया नि दगड. ऊन मात्र भरपूर. इथे भाविकांनी वाहिलेल्या वस्तूंत मगरीच्या कवट्या सापडल्या, हरणांची शिंगं सापडली आणि एक मोठं जीवाश्म हाडही. कुणीतरी ते उचलून देवीपर्यंत आणलं होतं. राक्षसाचं म्हणून की नुसतंच नवल म्हणून, याची नोंद कुठून असणार!

बोस्टनच्या संग्रहालयात एक करिंथियन कलश आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. त्यावरचा ट्रॉयचा समुद्री राक्षस म्हणजे कड्यातून बाहेर डोकावणारी नुसती पांढरी कवटी आहे. चित्रकारासमोर सामोथेरियमसारख्या प्राण्याचीच कवटी असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मितिलिनीतली कवटी बघून आल्यावर मी त्यांच्या बाजूने झुकलोय.