हुशारीचा आव

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीत रविवारी दुपारी पुनर्विकासाची मीटिंग बसली, की एक गृहस्थ हमखास उशिरा येतात. उशीर हा कलेचाच भाग. थोडा वेळ मंद हसत ऐकायचं, मग चष्मा काढून म्हणायचं, ‘‘मुळात तुमचा प्रश्नच चुकतोय.’’ म्हणजे उत्तर द्यायला नको. वर ‘टीडीआर’, ‘अ‍ॅन्सिलरी एफएसआय’ असे बांधकामाच्या नियमांतले शब्द पेरले की सेक्रेटरीही गप्प.

स्वतःवर बेहद्द खूश असणाऱ्यांची ही हुशारी मोजता येते. मानसशास्त्रज्ञ डेलरॉय पॉलहस आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या चाचणीत 150 नावं होती: इतिहासातली माणसं, पुस्तकं, शास्त्रातल्या संज्ञा. त्यांतली 30 बनावट. खरी किती ओळखली त्याबरोबर खोट्यांना किती ‘माहितीये’ म्हटलं, हेही पाहायचं. नाहीतर खरोखर वाचलेला माणूस उगाच बढाईखोर ठरतो. आत्मप्रेम जास्त, तिथं खोट्या नावांशी ओळखही जास्त निघाली.

ठाण्यात हे घरबसल्या जमतं. मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे अशी नावं घेता घेता पाचवा तलाव मनाचा घुसवायचा. नाव फार चमत्कारिक नको, लगेच पकडलं जातं. ‘‘अहो, तिथं तर पोहायला शिकलो,’’ असं आलं की झालं काम. एकाच नावावर मात्र शिक्का मारू नये. या शहरात बुजवलेले तलावही आहेत, सांगणारे आजोबा खरंही बोलत असतील.

दुसरा उपाय म्हणजे ‘कसं’ विचारणं. टीडीआर म्हणजे आरक्षित जागा महापालिकेला दिल्यावर मालकाला मिळणारा बांधकामाचा हक्क, इथवर सगळे येतात. ‘‘आपल्या गल्लीच्या रुंदीला तो किती चढवता येतो?’’ म्हटलं की ज्याला येतं तो रस्त्याची रुंदी विचारतो. दुसरा थेट सिंगापूरच्या गोष्टी सांगू लागतो.

जड शब्दांचं तर हसूच येतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांच्या 2006 च्या प्रयोगांत अवघड शब्द उगाच कोंबलेला मजकूर वाचून लोकांनी लिहिणाऱ्याला कमीच हुशार मानलं.

तरी पहिली छाप पडतेच. पॉलहस यांच्याच 1998 च्या अभ्यासात असे स्वतःवर खूश लोक पहिल्या बैठकीत गटाला आवडले, सातव्या बैठकीपर्यंत नकोसे झाले. आपली पंचाईत एवढीच, की पुनर्विकास समिती आपण पहिल्याच मीटिंगला निवडून मोकळे होतो.